एकतारीतला बल्ब

ये गं भाचे, अशी जवळ ये, निदान कागदावर तरी. दौंडहून शिरूर काय परदेशात हाय? दिवाळीपासून फिरकली न्हाईस!

परवा सूनबाईनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "आई, हा कोरा. पश्चिम आफ्रिकेतलं वाद्य. काय गोड वाजतंय!" बघते तर अर्धा सुका भोपळा, त्यावर ताणलेलं कातडं, लांब दांडा आन् पुष्कळ तारा. एकटाच माणूस वाजवत होता, पण चार जणं गप्पा मारतायत असं वाटलं. मी हरखले. मग वर बघितलं आन् डोकंच फिरलं.

वर माझ्या बापाच्या एकतारीचा भोपळा टांगलेला. मी मांडवगणला लग्नाला गेले, तवा सूनबाईनं त्याचं कातडं फाडून आत बल्ब बसवला. शोभेला म्हणं! त्या वेळी मी राग गिळला होता.

"त्यांचा भोपळा वाद्य, आन् माझ्या बापाचा दिवा व्हय?"

"आई, ते जुनाट झालं होतं."

"मग हा मोबाईलमधला काल जन्मला का?"

बल्ब काढून तिच्या हातात दिला. एकतारीचा बांबू माळ्यावर सापडला, तार मिळंल. कातडं तेवढं न्हाई. तुमच्या तिथल्या ढोलकीवाल्याकडनं बकऱ्याचं कातडं घे आन् ह्याच रविवारी ये बाई.