उलटी फरशी

शुक्रवारी सकाळी वडगावच्या गल्लीत स्कूटी लावली तेव्हा आप्पांचं मोजणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. ओंदु, एरडु, मूरु. आप्पा माझ्याशी मराठीत बोलतात, पण धागे मोजतात कन्नडमध्येच. ते माझे कुणी नात्यातले नाहीत. पन्नास वर्षं हातमागावर साड्या विणलेला हा म्हातारा गेली दोन वर्षं माझी चित्रं विणत होता.

मी येळ्ळूरची. सात वर्षं परदेशी जहाजावर होते, लाँड्रीत. लोक म्हणतात जग फिरून आली. कसलं जग, चादरीच बघितल्या जास्त. पण बंदर लागलं की चार तास सुट्टी मिळायची आणि त्या चार तासांत मी वही घेऊन भिंती, दारं, जाळ्या काढत बसायची. परत आल्यावर त्याच चित्रांचे भिंतीवर टांगायचे पट करायला लागले. चित्र मी चौकटीच्या कागदावर काढायची, विणायचे आप्पा. गावात सगळे म्हणत होते, एवढी शिकली, जग बघून आली आणि आता पडदे विकते. म्हणोत बापडे.

पण त्या आठवड्यात सगळंच ठरायचं होतं. पुण्याच्या एक बाई रविवारी दुपारी येणार होत्या. त्यांच्या नव्या अतिथीगृहासाठी चार पट, आणि पसंत पडले तर पुढची दोन वर्षं पुरेल एवढं काम. नाही पडले तर जहाज. कंपनीचा मेल येऊन पडला होता, रविवार संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं. मी परत जहाजावर जाणार, हे घरच्यांनी धरूनच ठेवलं होतं. मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

तीन पट तयार होते. चौथा मागावर होता, आणि बाईंचा सगळा जीव त्या चौथ्यातच होता. लिस्बनमध्ये मी एक भिंत बघितली होती, निळ्या फुलांच्या फरशांची, खालपासून वरपर्यंत. त्यात एकच फरशी कुण्या गवंड्यानं उलटी बसवलेली. ती कुणी कधी बदलली नव्हती. मी तिच्यापुढं इतका वेळ उभी राहिले की जहाजावर पळत जावं लागलं. कागदावरच्या चित्रात बाईंनी नेमकं त्याच फरशीवर बोट ठेवून ही अशीच हवी म्हटलं होतं.

मी मागाजवळ गेले. ती ओळ विणून झाली होती आणि वर हातभर कापड चढलं होतं. फरशी सरळ होती. शेजारच्या फरशांसारखीच, अगदी देखणी.

"आप्पा, ही सरळ कशी?"

"सरळच असती न्हवं," ते हसून म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला कुणी सांगितलं शहाणपण करायला? सांगितलं तेवढंच विणायचं!"

बोलले आणि मग कळलं, हे शब्द माझे नव्हते. जहाजावरचा सुपरवायझर मला जवळजवळ रोज हेच ऐकवायचा. आप्पांनी हातातला आडव्या दोऱ्याचा धोटा बाजूला ठेवला, मागावरून उतरले आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. शेजारचे यंत्रमाग खडखडत होते, पण आमच्या खोलीत मोजणं थांबलं होतं.

त्यांची सून चहा घेऊन आली. हळूच म्हणाली, "आक्का, त्यास्नी वाटलं कागदात तुमची चूक झाली. पुण्याची बाई येनार, पोरीचं हसं हुईल म्हनून त्यांनी सुधारून घेतलं. आमालाबी सांगितलं, तिला कळू देऊ नगा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी चूक झाकली होती त्यांनी, आणि मी त्यांना त्यांच्याच मागावरून उठवलं होतं.

कट्ट्यावर जाऊन बसले. माफी मागायची होती, पण तोंडातून निघाली ती लिस्बनची भिंतच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या गवंड्याला कोन बोललं न्हाय?"

"न्हाय."

"आनि भित तशीच?"

"तशीच हाय."

त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. "उसवाय लागंल," म्हणाले आणि उठले.

विणण्याइतकाच वेळ उसवायला लागतो. शुक्रवार त्यातच गेला. चांगलं कापड धाग्याधाग्यानं मागं नेताना आप्पांचा चेहरा बघवत नव्हता. शनिवारी सकाळी ते उलटी फरशी विणायला बसले. चार धागे गेले आणि पाचवा हातानं आपोआप सरळ घातला. काढला. परत तेच. तिसऱ्यांदा तेच झाल्यावर उतरले.

"माज्यानं न्हाय व्हायचं, आक्का. पन्नास वर्सं चूक काडायलाच शिकलो. तू बस."

मला साधं विणता यायचं, त्यापलीकडं फारसं काही नाही. तरी बसले. आप्पा मागं उभं राहून मोजत होते, मी धागे घालत होते. एक कड आत ओढली गेली, दोनदा धागा तुटला. ते पुढचा आकडा म्हणत राहिले. ती एक वीतभर फरशी व्हायला संध्याकाळ झाली. वरचा भाग त्यांनी रात्रभर जागून रविवारी सकाळी संपवला आणि पट मागावरून कापला.

आप्पांची एक रीत आहे. आपल्या हातचं कापड उतरलं की कोपऱ्यात पिवळ्या दोऱ्याची गाठ मारायची. दुकानदार त्या गाठीवरून त्यांचा हात ओळखतात. तिन्ही पटांवर ती होती. चौथा त्यांनी नुसता घडी करून ठेवला. मी बघितलं आणि मनात म्हटलं, संपलं. आता हे माझं काम करणार नाहीत. आणि आप्पा नाहीत तर मग बाईंनी हो म्हणून तरी काय उपयोग.

बाई आल्या. चौथा पट उलगडला, उलट्या फरशीवर हात फिरवला, ओढलेल्या कडेवरही फिरवला. "हाच हवा होता मला," म्हणाल्या. "चारही घेते. पुढचं काम आपण ठरवू." मग कोपरा उचलून विचारलं, "बाकीच्यांवर गाठ आहे, इथं का नाही?"

मी आप्पांकडं बघितलं. दाराशी उभे असलेले आप्पा पुढं आले.

"तिनं मारायची ऱ्हायलीय," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या कामाला मी गाठ मारत न्हाय." आणि दोऱ्यांचा डबा माझ्यापुढं धरला. "रंग निवड."

मी निळा घेतला. डोळे इतके भरले होते की सुई कुठं, दोरा कुठं, काही दिसत नव्हतं. पहिली गाठ सुटली. दुसरीही सुटली.

"आप्पा, माझं चुकलं. तसं बोलायला नको होतं मी."

"ते ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आदी गाठीकडं बघ."