हवालदारांचा ट्रॅक

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी आजवर कागदावर जे काही लिहिलं ते म्हणजे अर्ज, वॉर्डातल्या नोंदी आणि अब्बांना पाठवलेली पत्रं. वर्गातली मुलं माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान आहेत आणि लिहिण्यात माझ्या फार पुढे आहेत. सरांनी ओळखीच्या एखाद्या माणसावर लिहून आणायला सांगितलं, तेव्हा मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. तरी लिहितो आहे, कारण वाळवंटात राहून रोज सकाळी बर्फाचा अंदाज घेणारा माणूस साऱ्या सौदी अरबस्तानात एकच होता, आणि तो दोन वर्षं माझ्या खोलीत राहत होता.

त्यांना सगळे हवालदार म्हणत. गाव साताऱ्याकडच्या माण तालुक्यात, जिथे पावसाचीच मारामार तिथे बर्फ कुठला. पण पलटण काश्मीरला गेली आणि कुणीतरी त्यांच्या पायांना लाकडाच्या दोन लांब पट्ट्या बांधल्या. उतारावरून घसरत येणारं स्कीइंग आपण चित्रात पाहतो, ते नव्हे. यांचं होतं क्रॉस-कंट्री, म्हणजे सपाटीवरून, चढावरून, झाडांमधून दहा-पंधरा किलोमीटर स्वतःच्या दमावर पाय ओढत जायचं. "उतारावर काय, पोतंपण घसरतं," असं ते म्हणत. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपी विभागात मदतनीस म्हणून आले. मी त्याच हॉस्पिटलात वॉर्ड क्लार्क होतो. बारावी झाल्यावर रत्नागिरीहून तिथे पोचलेला, एकवीस वर्षांचा, आणि खोलीतल्या दुसऱ्या खाटेवर हा माणूस.

आल्या आल्या मी पाहिलं ते असं की, भिंतीला दोन फळ्या टेकवून ठेवल्या आहेत. एक्स-रे मशीनच्या खोक्याच्या लाकडातून त्यांनी त्या तासून काढल्या होत्या, पुढची टोकं वाफेवर वाकवली होती आणि मधोमध जुन्या बुटांचं चामडं ठोकलं होतं. दर शुक्रवारी सकाळी ते या फळ्या खांद्यावर टाकून गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांकडे जात. हातात कुबड्या कापून केलेल्या दोन काठ्या. स्कीच्या तळाला मेण लावावं लागतं आणि बर्फ जसा असेल तसं मेण बदलावं लागतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. फिजिओथेरपीत सांधेदुखीच्या पेशंटचे हात बुडवायला पातळ मेणाची टाकी असते. तिच्या कडेला सुकलेलं मेण ते डबीत भरून आणत. दारात उकिडवं बसून चिमूटभर वाळू बोटांत चोळत आणि गंभीरपणे सांगत, "आज कडक मेण लागेल. रात्री थंडी पडलीय." फळीला कसलंही मेण लावलं तरी ती वाळूत रुततेच, हे मी पहिल्याच शुक्रवारी पाहिलं. त्यांनी ते दोन वर्षं मान्य केलं नाही. चूक मेणाची आहे, वाळूची नाही, असं त्यांचं मत होतं. टेकडीखाली उंट घेऊन बसणारा एक म्हातारा बद्दू, म्हणजे वाळवंटातला भटका अरब, त्यांना लांबून बघून कपाळाला हात लावी, पण फळी रुतली की ओढून काढायला तोच येई.

त्यांच्या सगळ्या सवयींत मोठी सवय होती वाट देण्याची. या खेळात खेळाडू एकेक करून सुटतात. मागून जास्त वेगाचा कुणी आला तर तो "ट्रॅक" असं ओरडतो आणि पुढच्यानं बर्फातल्या चाकोरीतून बाहेर पडून त्याला वाट द्यायची असते. का, कोण, असं विचारायचं नाही. मागे वळून बघायचंसुद्धा नाही, कारण बघण्यात वेळ जातो. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की, कँटीनच्या रांगेत मागून कुणी घसा खाकरला तरी ते एक पाऊल उजवीकडे सरकत. आमच्या वॉर्डात बांगलादेशी सफाई कामगार ट्रॉली ढकलत येई, तो मुद्दाम "ट्रॅक, ट्रॅक" करी आणि हवालदार हातातल्या पेशंटसकट भिंतीला लागत.

याच सवयीपायी त्यांची स्कीइंगची कारकीर्द संपली, हे त्यांनी मला एकदा कपडे वाळत घालता घालता सांगितलं. देशाचा संघ निवडायची शर्यत होती. शेवटचा किलोमीटर उरला होता आणि त्यांची वेळ चांगली चालली होती. मागून आवाज आला, "ट्रॅक." ते ताबडतोब बाजूला झाले, कमरेपर्यंत भुसभुशीत बर्फात गेले. आणि शेजारून गेला तो लंगरखान्यातला आचारी, घसरगाडीवर साहेबांच्या चहाची किटली बांधून. ते बर्फातून निघेपर्यंत संघातली जागा काही सेकंदांनी गेली. मी विचारलं, आचाऱ्याला काही बोलला नाहीत? ते म्हणाले, "काय बोलणार? त्याचा वेग जास्त होता."

मग पलटण सपाटीवर आली आणि ते पळायला लागले. आधी क्रॉस-कंट्री, मग मॅरेथॉन. पायांत दम होता, छाती डोंगरातल्या विरळ हवेत तयार झालेली. दुसरे आले, तिसरे आले, पुष्कळदा आले. पहिले कधी आले नाहीत. पळण्याच्या शर्यतीत वाट देण्याचा नियम नसतो, पण मागून पावलं जवळ आली की यांचे पाय आपोआप कडेला वळत. निवृत्त होताना त्यांच्याकडे ब्राँझची आणि चांदीच्या रंगाची पदकं होती, सोनेरी एकही नव्हतं. त्यांच्या तालुक्याच्या गावी फेब्रुवारीत लांब पल्ल्याची शर्यत होते. माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, येत्या खेपेला रजा घेऊन तिच्यात पळायचं आणि एकदा पहिलं यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यासाठी ते वर्षभर रोज पहाटे हॉस्पिटलच्या कुंपणाला फेऱ्या मारत होते. मला म्हणाले, "या वेळी कानांत कापूस घालणार आहे."

इराकनं कुवेत घेतलं ते त्याच वर्षी. हफ्र अल बातिन सीमेच्या जवळचं, लष्करी छावणीचं गाव. रस्त्यावरून दिवसभर रणगाडे वाहणाऱ्या गाड्या जाऊ लागल्या. हॉस्पिटलात आम्हा सगळ्यांना गॅसचे मुखवटे वाटले गेले. आम्ही ते घालून पाहिले, गुदमरलो आणि खाटेखाली ठेवून दिले. हवालदार मात्र खूश झाले. मुखवट्यातून ओढलेला श्वास थेट डोंगरावरच्या हवेसारखा लागतो, असा त्यांना शोध लागला आणि ते मुखवटा घालून तळमजल्याच्या लांब व्हरांड्यात पळू लागले. केरळची मेट्रन आमच्या नागपूरच्या डॉक्टरांकडे तक्रार घेऊन गेली. डॉक्टरांनी हवालदारांना बोलावून शांतपणे समजावलं की, पेशंटना वाटतं गॅस आला, काल एक जण सलाइनसकट पळाला. हवालदारांनी विचारलं, किती लांब पळाला?

फळ्याही त्याच सुमारास गेल्या. एका शुक्रवारी तपासणी नाक्यावरच्या पोलिसानं त्यांना अडवलं. लष्करी हालचालींच्या गावात एक परदेशी माणूस दोन लांब वस्तू कापडात गुंडाळून वाळवंटाकडे निघालेला. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दाखवून झाला, पण फळ्या कशाच्या हे अरबीत सांगता येईना. शेवटी त्यांनी त्या तिथेच जमिनीवर मांडून पायांत चढवल्या आणि दहा पावलं चालून दाखवलं. पोलिसानं स्वतः चढवून पाहिल्या, पडला, हसला आणि फळ्या ठेवून घेतल्या. "खलास," म्हणाला, "लढाई संपली की ने."

जानेवारीत लढाई खरोखरच सुरू झाली. भोंगे वाजू लागले, आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. ज्यांचं काम फार अडणार नाही अशांना जेद्दाला हलवायचं ठरलं आणि हॉस्पिटलनं एक बस केली. दुसरी मिळेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. हवालदारांची रजा मंजूर होती, पासपोर्ट कफीलकडून, म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाकडून, हातात आला होता. जेद्दाहून मुंबईचं विमान, आणि शर्यतीला अजून तीन आठवडे होते. मी त्यांच्या मागेच रांगेत उभा होतो. बॅग छातीशी धरून मी सारखा आभाळाकडे बघत होतो. बसच्या दाराशी हॉस्पिटलचा मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, माणसं मोजत होता. आमच्या पुढचा चढला तेव्हा त्यानं एक बोट वर केलं. एकच जागा.

मला जे सांगायचं होतं ते हेच, आणि ते सांगायला मी इतकी पानं घेतली. मी त्यांना विनंती केली नाही. रडलो असतो तरी चाललं असतं. तेही केलं नाही. मी त्यांच्या पाठीशी उभा राहून हळू आवाजात म्हणालो, "ट्रॅक."

ते एक पाऊल उजवीकडे सरकले. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा ते तिथेच बाजूला उभे होते आणि मुदीर त्यांना काहीतरी विचारत होता. बस निघाली.

जेद्दात अल अझीझिया भागात माझ्या चाचांचं दुकान आहे, तिथे मी उतरलो. तिथे लढाई फक्त रेडिओवर होती. मी हॉस्पिटलला फोन लावत राहिलो, लाइन मिळेना. पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. लढाई संपल्यावर मी हफ्रला परत गेलो नाही. करार मोडला, घरी आलो आणि कॉलेजात नाव घातलं. सगळ्यांना वाटलं, मुलाला शिक्षणाची गोडी लागली. खरं तर त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायची मला लाज वाटत होती. त्यांच्या गावाचं नुसतं नाव मला माहीत होतं, त्या पत्त्यावरही एक पत्र टाकलं. तेही कुठे गेलं कळलं नाही.

गेल्या महिन्यात मामूच्या घरच्या लग्नात मला हॉस्पिटलचा ड्रायव्हर भेटला. तो दापोलीकडचा, रजेवर आला होता. बिर्याणीच्या पंगतीत शेजारी बसला आणि मी न विचारताच बोलू लागला. दुसरी बस काही आली नाही म्हणाला. हवालदार तिथेच राहिले, जखमी येऊ लागले तेव्हा स्ट्रेचर उचलत होते. मग कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या आणि वारा फिरला की दिवसा दिवे लावावे लागत. "तेवढ्या धुरातही पळायचा रे तो. आम्ही सांगून थकलो. म्हणायचा, फेब्रुवारी गेला तर गेला, पुढचा आहे." उन्हाळ्यापर्यंत खोकला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि पळणं कायमचं बंद करायला सांगितलं. करार संपल्यावर ते गावी गेले. आता बरे आहेत, पण चढ आला की थांबतात.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलले का?

ड्रायव्हर आठवू लागला. "मी तुम्हाला जेद्दाला सोडून परत आलो ना, तेव्हा विचारलं होतं," म्हणाला. त्या बसवर ड्रायव्हर तोच होता. पोरगा नीट पोचला का, असं हवालदारांनी विचारलं. पोचला म्हटल्यावर त्यांचा दुसरा प्रश्न होता, किती वेळ लागला?

"मी सांगितलं, नाक्यांवर थांबत थांबत बावीस तास. मग म्हणाला, पहिल्यांदाच होतं त्याचं, चांगली वेळ आहे."