अहवालातली गाळलेली ओळ

श्रीवर्धनात मी बारा वर्षं एका दैनिकाचा वार्ताहर होतो. वादळात आडव्या झालेल्या सुपारीच्या बागा, बुडता बुडता वाचलेले पर्यटक, शाळेचं उडालेलं छप्पर, असल्या बातम्या पाठवायचो. दैनिकाने तालुक्याचं पान बंद केलं तेव्हा माझ्याजवळ एकच कसब उरलं होतं: पहिल्या चार ओळींत वाचणाऱ्याला धरून ठेवायचं. त्याच कसबावर मला मुलांसाठी काम करणाऱ्या एका मदतसंस्थेत अहवाल लिहायची नोकरी मिळाली. कचेरी म्हसळ्याला, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

काम तसं सरळ होतं. कार्यकर्त्या गावोगावी फिरून माहिती आणत. ती लावून मराठीत अहवाल लिहायचा, मग त्याचं इंग्रजी करायचं. दर सहा महिन्यांनी तो देणगीदारांकडे जाई. त्यात तक्ते असत आणि तक्त्यांच्या मध्ये कुठल्या तरी मुलाची किंवा मुलीची हकिकत. तक्त्यांकडे कोणी फारसं बघत नाही, हकिकत मात्र वाचतात, हे मला लवकर कळलं. हकिकतीचे नियम कडक होते. नाव बदलायचं, गाव लिहायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, आणि अहवाल जाण्याआधी मजकूर घरच्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा. वाचून दाखवला की एका फॉर्मवर तशी खूण करायची.

ती खूण मी एकदा खोटी केली.

म्हसळ्यापासून आत, डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. त्या पावसाळ्यात गावच्या रस्त्यावरची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेली आणि एसटी यायची बंद झाली. हायस्कूल पलीकडच्या गावात. गावातली आठ मुलं घरी बसली. त्यात सातवीतली एक मुलगी होती. दिवाळीनंतर ती पुन्हा शाळेत जायला लागली असं मला कळलं, आणि संध्याकाळी आमच्या संस्थेच्या अभ्यासवर्गालाही येत होती. आमची त्या भागातली कार्यकर्ती, स्कूटरवर तीसेक गावं पालथी घालणारी, मला म्हणाली, "सर, या पोरीवर लिहा. फार हुशार आहे."

मी एका दुपारी गेलो, अर्धा तास थांबलो. मुलीची आई भाताचे भारे खळ्यावर आणत होती. डोक्यावरचा भारा उतरवून तिने माझ्या दोन-चार प्रश्नांना उत्तरं दिली, संमतीच्या फॉर्मवर सही केली आणि पुन्हा शेताकडे गेली. मी इकडेतिकडे पाहिलं. कुडाची एक भिंत, पत्र्याचं छप्पर, वळणीवर वाळत घातलेला विटका गणवेश. परत येताना, फाट्यापर्यंत चालत जाऊन पकडलेल्या एसटीतच पहिल्या चार ओळी डोक्यात तयार झाल्या होत्या.

हकिकत छान उतरली. म्हणजे मला तसं वाटलं. निराधारासारखी एकटी आई, घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत, कायमची सुटलेली शाळा, आणि मग आमच्या संस्थेने दिलेला हात. आमच्या प्रकल्पप्रमुख बाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ती वाचली आणि एवढंच विचारलं, "घरच्यांना वाचून दाखवलीत?"

अहवाल त्याच आठवड्यात जायचा होता. तक्ते अर्धे राहिले होते. त्या गावाला जायचं म्हणजे अख्खा दिवस. मी म्हणालो, "हो." आणि त्यांच्यासमोर खूण केली.

दोनच दिवसांनी, गुरुवारी सकाळी, कार्यकर्तीचा फोन आला. "सर, त्या पोरीची आई विचारतेय, आमच्यावर काय लिवलंय ते वाचून दाखवणार होते ना? पोरगी तर रोजच विचारते."

अहवाल त्याच दिवशी दुपारी बारा वाजता पाठवायचा होता. तरी मी मराठी मजकुराची प्रत काढून पिशवीत घातली आणि तिच्या स्कूटरवर मागे बसलो. मनातल्या मनात हिशेब असा की वाचून दाखवू, त्या 'बरं' म्हणतील, आणि खोटी खूण उशिरा का होईना खरी होईल.

आम्ही पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. आई अंगणात सुपात वाल घेऊन बसली होती, पेरणीसाठी निवडत होती. मुलीला कसलीशी सुट्टी होती. ती पळत आली आणि माझ्या शेजारीच टेकली. कार्यकर्ती ओट्यावर बसली. मी वाचायला सुरुवात केली.

स्वतःचं लिखाण कागदावर वेगळं आणि ज्यांच्यावर लिहिलंय त्यांच्यासमोर मोठ्याने वाचताना वेगळं. 'निराधारासारखी' हा शब्द आला आणि मी तो गिळून 'एकटी' असं वाचलं. 'झोपडी'च्या जागी 'घर' म्हणालो. पुढची ओळ दिसली आणि मी ती सरळ ओलांडून खालच्या ओळीवर गेलो.

"सर," मुलगी म्हणाली, "तुम्ही एक ओळ सोडलीत."

ती माझ्या खांद्यावरून कागदात बघत होती. मी हसल्यासारखं केलं. ती हसली नाही. बोट ठेवून तिनेच वाचली, शाळेत धडा वाचतात तशी खणखणीत: "घरात दोन वेळच्या जेवणाची भ्रांत होती."

आईचा सुपातला हात थांबला. "भ्रांत म्हंजे?"

"म्हंजे आपल्याकडं खायला नव्हतं," मुलगी म्हणाली.

आई माझ्याकडे बघत राहिली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "सर, तुम्ही आलात त्या दिवशी मी जेवून जा म्हटलं व्हतं. तुम्हीच न्हाय म्हणालात. मग खायला नव्हतं असं कुनी सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. तिने खरोखर आग्रह केला होता, आणि फाट्यावरची एसटी चुकेल म्हणून मी निघालो होतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"आनि मी एकटी कशी? तिचा बाप मुंबईला गोदामात कामाला हाय. म्हैन्याला येतो. भात आमचं वर्षाला पुरतं." मग तिने सूप बाजूला ठेवलं. "आनि शाळेचं काय लिवलंय?"

"कायमची सुटली म्हणून," मुलगी म्हणाली. तिने तोवर खालचा परिच्छेदही वाचला होता.

मग आईने झालं ते सांगितलं. मोरी गेली तेव्हा पहिला महिना ओढ्याला इतकं पाणी होतं की माणूस उभं राहत नव्हतं. तेवढे दिवस मुलं घरी होती. पाणी थोडं उतरल्यावर आठही मुलांच्या आया एका ओट्यावर बसल्या आणि त्यांनी पाळ्या लावल्या. रोज एकीने आपलं काम टाकून मुलांना डोंगराच्या वरच्या वाटेने शाळेत सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन यायचं. लावणीच्या दिवसांतसुद्धा. जिची पाळी असेल तिचं शेत बाकीच्या जणी लावत. एकीचा पाय मुरगळला तर तिच्या पाळीला तिची सासू मुलांबरोबर गेली. दिवाळीनंतर ओढा आटला, तेव्हा कुठे मुलं आपली आपण जायला लागली.

"आणि आमच्या संस्थेने?" मी विचारलं. विचारताना स्वतःचीच लाज वाटली.

"रेनकोट दिलेत की," आई म्हणाली. "मोरीचा अर्ज या ताईनं लिवून दिला, आमच्याबरोबर द्यायला बी आली." तिने कार्यकर्तीकडे हात केला.

"आणि अपूर्णांक," मुलगी म्हणाली. "मला अपूर्णांक येतच नव्हते. ते वर्गात आले."

मी घड्याळ बघितलं. दोन वाजायला आले होते. त्यांना खरं ते सांगून टाकलं. हा कागद आज बाराला पुढे गेला असेल, आणि मी तुम्हाला तो आधी वाचून दाखवला असं वर खोटं सांगितलंय. कार्यकर्तीने मान खाली घातली. आईने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मुलगी म्हणाली, "मागं घेता येत नाही?"

घरात रेंज नव्हती. शाळेच्या त्या वरच्या वाटेने थोडं चढून गेलं की दोन दांड्या येतात, असं मुलीनेच सांगितलं. मी चढलो. धाप लागली होती, ती चढाची कमी आणि भीतीची जास्त. नोकरी जाईल हे डोक्यात होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे, ती ओळ आता कुठल्या कुठल्या लोकांनी वाचली असेल, आणि ज्या बाईने मला जेवून जा म्हटलं तिच्या घरात अन्न नव्हतं असं त्यांच्या मनात कायमचं राहील, हे मला सहन होत नव्हतं.

बाईंनी लगेच फोन उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. खोटी खूण, भ्रांत, पाळ्या, सगळं. मला वाटलं रेंज गेली.

"ऐकताय ना?" मी म्हणालो.

"ऐकतेय. अहवाल गेलेला नाही."

"काय?"

"मुखपृष्ठाच्या फोटोत मागे शाळेचं नाव वाचता येत होतं. सकाळीच मी तो थांबवला. सोमवारपर्यंत वेळ मागून घेतलाय."

वाटेच्या कडेला जांभ्याचा एक चिरा पडला होता, त्यावर मी बसलो. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायचंही भान नव्हतं. खाली ओढ्याचा कोरडा पट्टा, त्यापलीकडे कापणी झालेली शेतं, एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेली. इतकं साधं दिसत होतं सगळं, आणि मला ते बघून बरं वाटत होतं.

"खुणेबद्दल आपण सोमवारी बोलू," बाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "ते छोटं प्रकरण नाही. आता तिथे बसून पुन्हा लिहा."

"पण बाई, खरं लिहिलं तर आपलं काम फार लहान दिसेल. रेनकोट, एक अर्ज आणि अपूर्णांक."

"आहे तेवढं दिसू दे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी खाली आलो. "गेलाच नाही," एवढंच तोंडातून निघालं. मुलीने टाळी वाजवली. आईने हातातला वाल सुपात टाकला आणि म्हणाली, "मग आता तरी जेवा."

तांदळाची भाकरी, वालाची उसळ, सुकटीची चटणी. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. कितीतरी दिवसांत इतकी भूक लागली नव्हती.

नंतर ओट्यावर बसून लिहिलं. दोन ओळी झाल्या की वाचून दाखवायचो. आई वाल निवडता निवडता दुरुस्त्या सांगायची. "माझ्या एकटीचं नको, आठी जणींचं लिवा." "सासू पाळीला गेली ते लिवा, म्हातारीला बरं वाटंल." नवऱ्याच्या गोदामाचं लिहू का विचारलं तर म्हणाली, "कशाला? त्याला विचारलंय का आपण?" ती दुरुस्ती मला कधी सुचली नसती. मुलगी शुद्धलेखन बघत होती. माझा एक ऱ्हस्व-दीर्घ तिने खरोखरच पकडला. पहिल्या चार ओळींत या वेळी वाचणाऱ्याला धरून ठेवणारं काही नव्हतं. मोरी वाहून गेली आणि आठ आया एका ओट्यावर बसल्या, अशी साधी सुरुवात होती. आईने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "हां. हे आमचं हाय."

सोमवारी बाईंनी मला समोर बसवलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. माझ्याकडून लेखी खुलासा घेतला. पुढचं वर्षभर प्रत्येक हकिकत वाचून दाखवताना कार्यकर्ती हजर असेल आणि फॉर्मवर तिचीही सही लागेल, असं ठरवलं. "तुम्ही वाईट लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला समोरचं माणूस गरीब असलेलं सोयीचं पडतं. ती सवय मोडा." त्यात खोटं काहीच नव्हतं. मग त्यांनी नवी हकिकत माझ्यासमोर दोनदा वाचली, एक स्वल्पविराम काढला, आणि अहवाल पाठवून दिला.

देणगीदारांकडून काय येतंय याची मला धास्ती होती. आलं ते चार ओळींचं पत्र. बाकीच्या अहवालाबद्दल नेहमीचं, आणि शेवटी एक प्रश्न: मोरी झाली का? बाईंनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. मी कार्यकर्तीला फोन केला. मंजुरी आलीय, खडी येऊन पडलीय, असं ती म्हणाली. तसंच उत्तर लिहिलं, एक शब्द न वाढवता.

त्या संध्याकाळी म्हसळ्याच्या स्टँडवरून मला घरी जायला श्रीवर्धनची गाडी मिळाली. खिडकीजवळ जागा होती. पिशवी मांडीवर घेऊन बसलो आणि गाडी गावाबाहेर पडायच्या आत मला झोप लागली. इतकी गाढ की शेवटी कंडक्टरने खांद्याला धरून हलवलं. "उठा सर, श्रीवर्धन आलं," तो म्हणाला. गाडी कधीच रिकामी झाली होती.