म्हातारीचा उजवा हात

टेलरबाईंनी आयुष्यात तीन क्लास लावले आणि तिन्ही अर्ध्यावर सुटले. टायपिंगच्या वेळी मुलगी पोटात होती, नर्सिंगच्या वेळी सासूबाईंनी अंथरूण धरलं आणि कॉम्प्युटरच्या वेळी तर क्लासचा मालकच गाशा गुंडाळून पसार झाला. यातल्या एकातही बाईंचा दोष नव्हता. पण नावं ठेवणाऱ्यांना दोष लागत नाही, निमित्त पुरतं. जावा म्हणायच्या, "हिचं काय, हौसेनं धरते आणि सोडून देते." नवऱ्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. तोही स्क्रू पिळता पिळता चिमटा काढायचा, "अगं, निदान भाजी तरी पूर्ण शिजव!" बाई हसण्यावारी न्यायच्या. पण ते बोलणं त्यांना लागायचं, चांगलंच लागायचं.

अशा बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी ॲनिमेशनच्या डिप्लोमाला बसल्या. झालं असं, की बाई एका कॉलेजच्या हॉलमधल्या पडद्यांचं माप घ्यायला गेल्या होत्या. तिथे एक मुलगी टेबलावरची कापडी बाहुली केसभर हलवत होती आणि फोटो काढत होती, परत हलवत होती, परत फोटो. मग तिने ते फोटो भराभर पळवून दाखवले आणि बाहुली चक्क चालायला लागली. पडद्यांचं माप त्या दिवशी चुकलं ते चुकलंच, पण बाई ऑफिसातून प्रवेशाचा फॉर्म घेऊन घरी आल्या.

शेवटच्या वर्षी तिघांनी मिळून एक छोटा चित्रपट करायचा असतो. तो झाला तर डिप्लोमा, नाही तर नाही. बाईंच्या गटात आणखी दोघं होती. एक चिमणी: चणीने एवढीशी, आवाज मात्र अख्ख्या मजल्याला पुरेल असा. दिग्दर्शन तिचं. दुसरा दाढी: कॅमेरा आणि बाहुल्यांच्या आतले तारेचे सांगाडे त्याच्याकडे. बाईंकडे कपडे, केस, चेहरे. दोघंही त्यांना मावशी म्हणायची.

गोष्ट साधीच होती. एक म्हातारी घरभर चष्मा शोधते. गादीखाली बघते, पिठाच्या डब्यात बघते, आणि चष्मा आपला डोक्यावर. काखेत कळसा अन् गावाला वळसा! दोन मिनिटांचा चित्रपट, पण सेकंदाला बारा फोटो. चार महिने तिघं खाली मान घालून तेच करत होती.

परीक्षकांना दाखवायच्या आदल्या दिवशी फक्त शेवटचा तुकडा उरला होता. म्हातारी थकून खुर्चीवर बसते, डोकं खाजवायला उजवा हात वर नेते आणि तिथे तिच्या हाताला चष्मा लागतो. एकशे ऐंशी फोटो. दुपारी दीडपर्यंत एकशे एकतीस झाले. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला म्हणून बाई बाहेर व्हरांड्यात गेल्या. "जेवलीस का? झालं का तुमचं?" या दोन प्रश्नांना त्याला नेहमी पाच मिनिटं लागायची.

त्या पाच मिनिटांत दाढीच्या लक्षात आलं, की म्हातारीचा उचललेला हात जडपणाने खाली येतोय. त्याने मनगटाला बारीक काळा दोरा बांधला आणि वरच्या दांडीला अडकवला. फोटोतला दोरा मागाहून कॉम्प्युटरवर पुसता येतो. बाई परत आल्या तेव्हा दोघं भुकेने कासावीस होऊन दारात उभी होती. "मावशी, बसा जरा राखणीला, आम्ही खाऊन येतो," चिमणी म्हणाली आणि गेलीसुद्धा. दोऱ्याचं सांगायचं राहूनच गेलं.

बाई स्टुलावर बसल्या. आणि त्यांना म्हातारीच्या बाहीतून निघालेला दोरा दिसला; त्याचं वरचं टोक अंधारात होतं.

आता पंचवीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला निघालेला दोरा दिसल्यावर ती काय करणार? लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाच्या कॉलरचा दोरा त्यांनी तोडलेला होता. गळ्यात दोरे कापायची छोटी कात्री असायचीच. विचार डोक्यात यायच्या आत हात पुढे गेला. कच्.

म्हातारीचा हात धाडकन खाली आला, त्या हिसक्याने ती पुढे झुकली आणि खुर्चीसकट तोंडावर पडली. आत कुठेतरी टक् असा आवाज झाला. बाईंनी तिला उचललं तेव्हा उजवा हात कोपरापासून लुळा लोंबत होता. तार तुटली होती.

चौथाही अर्ध्यावर. आणि या वेळी स्वतःच्या हाताने! बरोबर त्या दोन पोरांचंही वर्ष बुडवलं.

शिवणकामात चूक झाली तर ती आतल्या बाजूला घ्यायची, गिऱ्हाइकाला कळता कामा नये, हे बाई पहिल्या दिवसापासून शिकल्या होत्या. मनगटाला उरलेला दोऱ्याचा तुकडा सोडवून त्यांनी मुठीत घेतला. मूठ पर्समध्ये गेली. रिकामी बाहेर आली.

दोघं परत आली. दाढीने म्हातारी बघितली, कोपर चाचपलं आणि तो मटकन खाली बसला. "माझीच चूक," तो म्हणाला. "तार एकेरी वापरली मी. दोरा बांधला तेव्हाच कळायला हवं होतं. दोऱ्यानेसुद्धा धरलं नाही तिला."

चिमणीचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला. "तुला मी तेव्हाच म्हटलं होतं, दुहेरी घे म्हणून."

"म्हटलं होतंस."

सुटकेचा रस्ता असा समोर चालत आला होता. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. त्या गप्प बसल्याही, मिनिटभर. पण दाढीचे डोळे भरून आले आणि तो तोंड फिरवून कॅमेऱ्याची वायर उगाच गुंडाळायला लागला, ते मात्र बाईंना बघवेना. त्यांनी पर्समधून दोरा काढला आणि टेबलावर ठेवला.

"तार नाही रे बाळा. मी कापला. मला वाटलं, शिवणीतून निघालाय."

दाढीने दोरा उचलून बघितला. मग चिमणी जी ओरडली, ती खालच्या मजल्यावरच्या शिपायाला ऐकू गेली. "मावशी! अहो, काय हे! दिसला दोरा की काप, दिसला दोरा की काप! उद्या अकराला दाखवायचंय आपल्याला!" बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खाल्लेल्या बोलण्यांत ही पहिलीच बोलणी होती जी त्यांना न्याय्य वाटली.

ओरडून झाल्यावर चिमणी घटाघटा पाणी प्यायली आणि तिने विचारलं, "बाही उसवून परत शिवायला किती वेळ?"

"अर्धा तास."

"मग बघताय काय?"

बाईंनी शिवण उसवली, दाढीने दुहेरी तार पिळून आत घातली, बाईंनी जुन्याच भोकांतून सुई घालत बाही शिवली. खरं काम त्यापुढे होतं. शेवटचा फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर फिकट करून ठेवायचा आणि त्याच्यावर बरोब्बर बसेल अशी म्हातारी खुर्चीत ठेवायची. दाढी पडद्याकडे बघून सांगायचा, "मावशी, कोपर किंचित वर. नाही, जास्त झालं. बाहीची चुणी डावीकडे." तब्बल दोन तास. त्या दोन तासांत बाईंनी श्वाससुद्धा जपून घेतला. साडेचारला दाढी म्हणाला, "बसली!" आणि उरलेले एकोणपन्नास फोटो सातच्या आत झाले. शेवटचा फोटो निघाल्यावर चिमणीने बाईंच्या गळ्यातली कात्री काढून स्वतःच्या दप्तरात टाकली. "उद्या दुपारी परत मिळेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चित्रपट बघितला, मग शेवटचा तुकडा परत लावायला सांगितला. "इथे हात दचकतो. काय झालं?"

दाढीने तोंड उघडायच्या आत बाई उभ्या राहिल्या. "माझ्या हातून पडली, सर. मीच परत उभी केली."

परीक्षकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते म्हणाले, "जोड दिसतो. फार नाही. पण दिसतो." पान उलटलं. "पास आहात तिघंही. पुढचा गट बोलवा."

बस्स, एवढंच. बाई बाहेर आल्या आणि जिन्यावर बसून रडल्या. दुःखाचं नव्हतं ते. दोन वर्षं घट्ट बांधलेली गाठ कोणीतरी सोडवली होती, आणि अंगात नुसतं मोकळं मोकळं वाटत होतं. चिमणी शेजारी बसून त्यांच्याच पदराने त्यांचे डोळे पुसत राहिली.

मग त्यांनी दुकानात फोन लावला.

"अहो, झालं."

पलीकडे ग्राइंडरचा आवाज येत होता, तो बंद झाला. "म्हणजे पूर्ण?"

"पूर्ण. पास झाले."

चेष्टा येणार म्हणून बाई थांबल्या. पण फोन तसाच कानाला धरून नवरा दुकानातल्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाला भरल्या आवाजात सांगायला लागला, "झालं हो, झालं! आमच्या हिचं झालं!"