कुकरच्या शिट्ट्यांसकट

केशवापूरच्या आमच्या घरातला टेपरेकॉर्डर बंद पडला, तेव्हा अप्पांनी तो दुकानादुकानांतून फिरवला. ‘याचे भाग आता येत नाहीत,’ असं सगळ्यांनी सांगितलं. अप्पा निवृत्त वकील. त्यांना हा निकाल मान्य नव्हता.

‘मोबाईलवर सगळी गाणी आहेत, अप्पा,’ मी म्हणाले.

‘अक्काचं आहे?’

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आता बेळगावात असते. ती शाळेत असताना अप्पांनी तिला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसवून एक भजन टेप केलं होतं. ती कॅसेट घेऊन मी कोप्पीकर रोडवरच्या एका दुकानात गेले. पूर्वी तिथे भिंतभर कॅसेटी असायच्या, आता मोबाईलची कव्हरं लटकतात. पण मालकांकडे जुनं यंत्र अजून चालू होतं. त्यांनी भजन माझ्या मोबाईलवर घालून दिलं आणि कौतुकानं सांगितलं, ‘मागचा गोंगाट सगळा काढून टाकलाय, मॅडम.’

घरी येऊन लावलं. अक्काचा आवाज एकदम स्वच्छ. अप्पांचा चेहरा उतरला.

‘कुकरच्या शिट्ट्या कुठं गेल्या? आणि तुझी आई?’

आई समोरच मेथी निवडत बसली होती. ‘मी इथंच आहे की. ओरडून दाखवू?’

‘आत्ताचं नको. तेव्हाचं पाहिजे.’

दुसऱ्या दिवशी अप्पा स्वतः माझ्याबरोबर दुकानात आले आणि त्यांनी आपली बाजू कन्नडमध्ये सविस्तर मांडली. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘लोक गोंगाट काढायला येतात, सर. परत मागणारे तुम्हीच पहिले,’ एवढंच म्हणून त्यांनी कॅसेट पुन्हा लावली.

घरी येऊन लावलं, तर या वेळी सगळं आलं. भजन जरा रंगतंय तोच शिट्टी झाली आणि पाठोपाठ आई कडाडली, ‘दूध उतू गेलं, कुणाचं लक्ष आहे का घरात?’ अप्पा डोळे मिटून डोलायला लागले. भजनाला नव्हे, हे उघड होतं.

आई मात्र हातातलं काम थांबवून बघत राहिली. ‘हा माझा आवाज नाही. मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलते?’

‘मग शेजारीण आली होती का दूध बघायला?’

‘आली असेल!’

दोघांची चांगलीच जुंपली. आईचा आवाज चढलेला असतानाच मी अक्काला फोन लावून भजन ऐकवलं. तिनं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, ‘यातली टेपमधली आई कुठली गं?’