दात बघणारे माझे व्याही

घोडेगावात आणि घोडेगावाबाहेर, जनावरांत आणि माणसांत, माझ्या व्याह्यांइतके दात या पृथ्वीवर दुसऱ्या कुणीही पाहिलेले नाहीत. आणि त्यांच्याइतका माझा गोंधळही दुसऱ्या कुणी उडवलेला नाही. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली. बैलाचं वय दातांवर ठरतं. नुसते दुधाचे असतील तर तो आदत, ते पडून त्या जागी दोन पक्के आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळला. ही विद्या त्यांच्या अंगात इतकी भिनली आहे, की कुणीही भेटलं तरी ते आधी दात बघतात आणि मग चेहरा. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला ते आले, तेव्हा मानपानाच्या प्रश्नांची उत्तरं मी पाठ करून बसलो होतो. त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्याच एका विनोदावर मी हसलो, तेवढ्यात ते पुढं वाकले आणि आपल्या भावाला म्हणाले, "पाव्हन्याच्या मागच्या दोन दाढा न्हाईत, पन म्होरलं दात चांगलं हायेत." लग्न ठरलं. त्या दोन दाढांची गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

मी त्यांच्याच गावाजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. मुलांच्या दातांचा कार्यक्रम माझ्याकडे आहे, कारण कामं वाटली त्या दिवशी मी रजेवर होतो. प्रत्येक मुलाला ब्रश द्यायचा, दुपारच्या खिचडीनंतर नळापाशी ओळीनं चुळा भरून घ्यायच्या, आणि वर्षातून दोनदा राहुरीहून दातांच्या डॉक्टरबाई येतात तेव्हा तपासणीच्या याद्या करायच्या. पहिल्या तपासणीला बाईंचा आरसा बघून अख्ख्या पहिलीनं ओठ घट्ट मिटून घेतले. व्याही त्या दिवशी नातीला, म्हणजे आमच्या दोघांच्या नातीला, स्वराला, शाळेच्या बालवाडीत सोडायला आले होते. थोडा वेळ ते बघत राहिले. मग पुढं झाले, एका पोराच्या हनुवटीखाली हात धरला, ओठाच्या कोपऱ्यात अंगठा सरकवला आणि काय केलं कोण जाणे, पोरानं आ केला. त्याच्यामागं सगळ्या रांगेनं आ केला. बाईंना मात्र घाम फुटला, कारण तो अंगठा सकाळपासून काय काय चाचपून आला होता ते त्यांना दिसत होतं. पुढच्या वेळी त्यांनी व्याह्यांचे हात साबणानं धुवून घेतले आणि रबरी हातमोजे दिले. ते त्यांना इतके आवडले, की ते बाजारातही घालून जाऊ लागले. बैल बुजायला लागले, तेव्हा कुठं त्यांनी ते काढले.

दुसरी अडचण पालकांची होती. तुमच्या मुलाचे चार दात किडलेत, असं चारचौघांत ऐकायला लागलं की लोक ओशाळायचे आणि पुढच्या तपासणीला पोराला घरीच ठेवायचे. यावर व्याह्यांनी बाजाराची रीत आणली. बाजारात सौदा उपरण्याखाली होतो. दलाल समोरच्याची बोटं दाबून आकडा सांगतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. तसंच व्याही मुलाच्या बापाचा हात उपरण्याखाली घेत आणि जितके दात किडके तितकी बोटं दाबत. आयांसाठी विहीणबाई पदराखाली तेच करत. एका बापानं सवयीनं एक बोट कमी करून परत दाबलं, तेव्हा व्याही त्याला म्हणाले की इथं घासाघीस नसते. हळूहळू मुलं यायला लागली, दात भरून घ्यायला लागली. अहवालातल्या ‘जनजागृतीची साधने’ या रकान्यात काय लिहावं ते मला कळेना. शेवटी मी ‘स्थानिक’ एवढंच लिहिलं.

मग स्वरा पहिलीत आली आणि तिची पाळी आली. तिला नुकतं सहावं संपलं होतं. बाईंनी मला जवळ बोलावून तिच्या तोंडात अगदी मागं आलेली नवी दाढ दाखवली. ही दुधाची नाही, कायमची आहे, खाच किडायला लागलीय, लगेच भरून घ्या, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. संध्याकाळी मी डॉक्टरबाईंचा निरोप म्हणून ते व्याह्यांच्या कानावर घातलं. ते हसले.

"पाव्हनं, आदी जुना पडतो, मंग त्या जागी नवा येतो. हिचा तितला कोन्ता दात पडला? न्हाई ना? मंग ती दुधाचीच. पडंल आन् नवी यील."

ही दाढ कुठलाही दात न पडता मागून येते, हे बाईंनी मला समजावलं होतं. पण व्याह्यांच्या आवाजात चाळीस वर्षं होती, आणि मी मुलीचा बाप. लेक ज्या घरात नांदते, तिथल्या कर्त्या माणसाचं बोलणं खोडायची आमच्यात रीत नाही. वर्गात रोज विज्ञान शिकवणारा मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं." आणि गंमत म्हणजे घरी पोचेपर्यंत मला ते थोडंसं बरोबर वाटायलाही लागलं होतं.

दिवाळीनंतर स्वराचा गाल सुजला. राहुरीला नेलं तेव्हा दाढ वाचवण्यासारखी राहिली नव्हती, काढावी लागली. व्याही दोन शुक्रवार बाजाराला गेले नाहीत. मग जे निघाले ते शाळाशाळांतून, दूध डेअरीवर, बाजारात भेटेल त्या आईबापाला थांबवून सांगू लागले, की सहा वर्षांच्या पोराची मागची दाढ पडत नसते, मी पडेल म्हणालो आणि माझ्या नातीची घालवली. हे ते मोठ्यानं, सगळ्यांदेखत सांगतात. मला ऐकवत नाही.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. स्वरा तोंडात बोट घालून त्यांच्यापुढं उभी राहिली. "आबा, हितं नवी कधी येनार?" ती दर महिन्याला विचारते म्हणे. व्याही आजवर काहीतरी सांगून वेळ मारून नेत होते. त्या दिवशी म्हणाले, "न्हाई येनार, बाळा. आबाचं चुकलं." तिनं जरा विचार केला, मग दुसऱ्या बाजूनं खाईन म्हणाली आणि खेळायला पळाली. मला व्याह्यांची फार दया आली, फार मायाही आली.

"पाव्हनं," ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी मनाला लावून घिऊ नका. तुमी शिकल्यालं मानूस. तुमाला ठावं असतं, तर तुमी मला आडवलंच असतं."

ते माझी समजूत घालत होते. सांगून टाकायला तेवढी एकच वेळ होती. विहीणबाई चहा घेऊन आल्या, मी कप हातात घेतला आणि म्हणालो, "हो ना. मला तरी कुठं ठाऊक होतं."