बॅटऱ्या कोण बदलणार?

बस चालवताना ड्रायव्हरला धाप लागली. त्याने गाडी कशीबशी कडेला घेतली, सगळे प्रवासी सुखरूप उतरले. पण त्यानंतर तो स्टिअरिंगवर कधी बसला नाही. हृदय जेमतेम चालत होतं. डॉक्टर म्हणाले, छातीत पंप बसवता येईल, पण आधी आमच्या हॉस्पिटलच्या समाजसेविका बाईंना भेटा.

बाईंनी दारू, झोप, मनाची अवस्था, सगळं विचारलं. मग समजावलं: पंपाची वायर पोटातून बाहेर येणार, तिथली जखम जपायची, बॅटऱ्या रोज बदलायच्या, घरात सतत कुणीतरी हवं.

"हे कोण करणार?"

"मी आहे ना," बायको म्हणाली.

मग बाईंनी त्याला बाहेर बसवून तिला एकटीला तेच विचारलं. ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली.

"नऊ वर्षं सासूबाईंचं अंथरुणात केलं. मार्चमध्ये त्या गेल्या. अजून झोपेत त्यांची हाक ऐकू येते, उठून बसते. लेक लांब, तिची पोरं लहान. माझ्यानं नाही हो होणार. यांच्यासमोर कसं सांगू?"

नंतर तो एकटा आत आला.

"ती नाही म्हणाली ना?"

"ते मला सांगता येत नाही."

"नका सांगू. तेहेतीस वर्षांचा संसार आहे. लिहा, पेशंटलाच पंप नको."

"खरंच नको?"

"हवा होता. म्हणून तर आलो." जरा दम घेऊन तो म्हणाला, "तरी लिहा."

बाईंनी घरी येणाऱ्या नर्सचं सुचवलं, पुढे दोनदा फोनही केला. तो बधला नाही.

त्या दिवशी घरी जाताना रिक्षात त्याने बायकोला सांगितलं, "पोटातून वायर काढून फिरणं आपल्याला जमायचं नाही."

"एकदा विचार करा," ती म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाही.

तो पाच महिने जगला. शेवटी आडवं होता येईना, तेव्हा टेबलावर उशी ठेवून बसल्या बसल्या झोपायचा. तिला हाक मारायची टाळायचा. एका दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तेव्हा पाण्यासाठी तो स्वतःच उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात कोसळला.

महिन्याभराने ती बाईंकडे आली.

"त्यांच्या कागदावर काय लिहिलंय?"

बाईंनी फाइल काढून वाचलं, "रुग्णाने स्वतः नकार दिला."

"माझं बोलणं त्यांना कळलं होतं?"

"मी सांगितलं नव्हतं."

"ते नाही विचारलं मी," ती म्हणाली.

बाईंनी फाइल मिटली. ती उठून गेली.